एम्बेडेड प्रणालींतील स्क्रिप्ट भाषा

एम्बेडेड प्रणालींतील स्क्रिप्ट भाषा म्हणजे एखाद्या उपकरणाच्या मूळ फर्मवेअरमध्ये बसविलेली, कमी स्मृतीत चालणारी आणि उपकरण पुन्हा न घडविता बदलता येणारी प्रोग्रामिंग भाषा होय. अशा रचनेत उपकरणाचा वेगवान व धोक्याशी निगडित भाग सी किंवा सी++ या भाषांत लिहिलेला असतो. वारंवार बदलणारे नियम, वेळापत्रके, संदेश आणि मांडणी मात्र स्क्रिप्टमध्ये ठेवली जातात. लुआ, मायक्रोपायथन, फोर्थ, एमरुबी, जेरीस्क्रिप्ट, एस्प्रुइनो आणि बेरी ही या प्रकारातील परिचित नावे आहेत. यांपैकी लुआ ही भाषा प्रारंभापासूनच दुसऱ्या प्रोग्राममध्ये सामावली जावी या हेतूने रचलेली असल्याने या विषयाच्या चर्चेत ती मध्यवर्ती मानली जाते.

पार्श्वभूमी

पंपाचा नियंत्रक, वीजमापक, वायफाय राउटर, ड्रोन किंवा कारखान्यातील यंत्र यांच्या आत असलेल्या संगणकाला एम्बेडेड प्रणाली म्हणतात. तिच्या केंद्रस्थानी बहुधा मायक्रोकंट्रोलर असतो. प्रक्रियक, स्मृती आणि बाह्य जगाशी जोडणाऱ्या पिना एकाच चिपवर असलेला हा घटक स्वस्त व काटकसरी असतो, परंतु त्याची स्मृती अल्प असते. आर्डुइनो उनो या लोकप्रिय फलकावरील एटीमेगा३२८पी या चिपमध्ये केवळ २ किलोबाइट रॅम आणि ३२ किलोबाइट फ्लॅश स्मृती आहे.

अशा उपकरणाचा फर्मवेअर परंपरेने सी भाषेत लिहिला जातो. त्याचे कंपायलरद्वारे यंत्रभाषेत रूपांतर होते आणि तयार झालेली प्रतिमा फ्लॅश स्मृतीत चढविली जाते. या पद्धतीत वेग मिळतो व स्मृतीची बचत होते. मात्र एक वेळ, एक मर्यादा किंवा संदेशातील एक शब्द बदलायचा झाला तरी संपूर्ण प्रतिमा पुन्हा तयार करावी लागते, तिची चाचणी घ्यावी लागते आणि ती प्रत्येक उपकरणात भरावी लागते. उपकरण शेतात, खांबावर किंवा दूरच्या गावी बसविलेले असेल, तर हे काम खर्चिक ठरते. अर्धवट भरलेल्या प्रतिमेमुळे उपकरण कायमचे निकामी होण्याचीही शक्यता असते. स्क्रिप्ट भाषेचा वापर हा या अडचणीवरील उपायांपैकी एक होय.

कार्यपद्धती

स्क्रिप्ट भाषेचा इंटरप्रिटर हा मूळ फर्मवेअरमधील एक ग्रंथालय-घटक असतो. लुआच्या बाबतीत हा इंटरप्रिटर प्रमाणित सी भाषेत लिहिलेला असल्यामुळे ज्या चिपसाठी सी कंपायलर उपलब्ध आहे, अशा बहुतेक सर्व चिपांवर तो नेता येतो. भाषेच्या ५.४ आवृत्तीचा संपूर्ण मूळ मजकूर सुमारे ३०,००० ओळींचा आहे.

स्क्रिप्टमधील मजकुराचे प्रथम बाइटकोड नावाच्या संक्षिप्त सूचनांत रूपांतर होते. या सूचना आभासी यंत्र एकामागून एक पार पाडते. सी भाषेतील मूळ प्रोग्राम आणि स्क्रिप्ट यांच्यातील देवाणघेवाण लुआमध्ये एका चळतीद्वारे होते. सी प्रोग्राम फलन व त्याची मूल्ये चळतीवर ठेवतो, फलन चालवितो आणि उत्तर चळतीवरून उचलतो. उलट दिशेने, ‘रिले चालू करा’ किंवा ‘पाण्याची पातळी वाचा’ यांसारखी सी भाषेतील फलने स्क्रिप्टला नावानिशी उपलब्ध करून दिली जातात. जे फलन उपलब्ध करून दिलेले नाही, त्यापर्यंत स्क्रिप्ट पोहोचू शकत नाही. स्क्रिप्टला कोणते अधिकार असावेत, हे अशा रीतीने उपकरणाचा निर्माता ठरवितो.

या रचनेमुळे प्रणालीचे दोन स्तर पडतात. खालचा स्तर क्वचित बदलतो, कसून तपासला जातो आणि ठरावीक वेळेत प्रतिसाद देतो. वरचा स्तर वारंवार बदलतो आणि त्यातील चूक खालच्या स्तराने सावरून घ्यावी अशी अपेक्षा असते. दोन स्तरांमधील सीमारेषा योग्य ठिकाणी आखणे हा या तंत्रातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मानला जातो.

इतिहास

उपकरणावरच आज्ञा टंकून ती तत्काळ पार पाडण्याची कल्पना लुआपेक्षा जुनी आहे. चार्ल्स मूर यांनी विकसित केलेली फोर्थ ही भाषा १९७०च्या सुमारास आकाराला आली आणि अमेरिकेतील किट पीक येथील रेडिओ दुर्बिणीच्या नियंत्रणासाठी वापरली गेली. अत्यल्प स्मृतीत मावत असल्याने ती पुढे अनेक वैज्ञानिक उपकरणांत स्थिरावली. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी ६७पी या धूमकेतूवर उतरलेल्या युरोपीय फिले यानात फोर्थसाठी घडविलेले आरटीएक्स२०१० प्रक्रियक होते.

१९८०च्या दशकात इंटेल कंपनीने ८०५१ कुटुंबातील ८०५२एएच-बेसिक हा मायक्रोकंट्रोलर बाजारात आणला. त्याच्या कायम स्मृतीत बेसिक भाषेचा इंटरप्रिटर होता. १९८८ मध्ये जॉन औस्टरहाउट यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात टिकल ही भाषा निर्माण केली. प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळी आज्ञाभाषा रचण्याऐवजी एकच भाषा ग्रंथालयाच्या रूपात सर्वत्र बसवावी, हा तिच्यामागील विचार होता.

याच विचाराचे पुढील रूप म्हणजे लुआ. रोबेर्तो इएरुसालिम्स्की, लुईझ हेन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील पॉन्टिफिकल कॅथलिक विद्यापीठात ती निर्माण केली. पेट्रोब्रास या तेल कंपनीच्या कामासाठी आधी रचलेल्या दोन लहान भाषांपैकी एकीचे नाव ‘सोल’ होते. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ सूर्य असा होतो. तिच्या जागी आलेल्या भाषेला ‘लुआ’ म्हणजे चंद्र हे नाव मिळाले. त्या काळात ब्राझीलमध्ये संगणकीय साहित्याच्या आयातीवर दीर्घकाळ निर्बंध राहिले होते. त्यामुळे परदेशी साधनांवर विसंबण्याऐवजी आपली साधने आपणच घडविण्याची प्रवृत्ती तेथील संशोधकांत रुजली होती.

२००३ मधील ५.० आवृत्तीपासून लुआ एमआयटी परवान्याखाली मुक्तपणे उपलब्ध आहे. या आवृत्तीत आभासी यंत्राची रचनाही बदलण्यात आली. २०१५ मधील ५.३ आवृत्तीत पूर्णांकांसाठी स्वतंत्र प्रकार आला. २०२० मध्ये ५.४ आवृत्ती प्रसिद्ध झाली.

मायक्रोकंट्रोलरवर लुआ नेण्याच्या प्रयत्नांत ई-लुआ हा प्रकल्प उल्लेखनीय आहे. न बदलणारी कोष्टके रॅमऐवजी फ्लॅश स्मृतीत ठेवण्याची युक्ती त्याने अवलंबिली आणि रॅमची मोठी बचत साधली. त्याच्या पायावर २०१४ मध्ये ईएसपी८२६६ या स्वस्त वायफाय चिपसाठी नोडएमसीयू हा फर्मवेअर तयार झाला. काही ओळींच्या स्क्रिप्टने वायफायशी जोडले जाणारे उपकरण बनविणे त्यामुळे हौशी लोकांनाही शक्य झाले.

डेमियन जॉर्ज यांनी २०१३ मध्ये लोकवर्गणीतून मायक्रोपायथन हा प्रकल्प उभा केला. पायथन ३ या भाषेचे हे आटोपशीर रूप २५६ किलोबाइट सांकेतिक जागेत आणि १६ किलोबाइट रॅममध्ये चालू शकते. ब्रिटनमध्ये २०१६ साली शालेय विद्यार्थ्यांना वाटण्यात आलेल्या बीबीसी मायक्रोबिट या फलकावर, तसेच २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिको या फलकावर ही भाषा चालते.

प्रमुख भाषांची तुलना

लुआ: मूल्यांचे मोजके प्रकार, कोष्टक ही एकच संमिश्र रचना आणि सी भाषेशी सुलभ जोडणी ही तिची वैशिष्ट्ये आहेत. कोष्टकातील पहिले स्थान १ या क्रमांकाने ओळखले जाते. सी भाषेत ते शून्य असते. दोन्ही स्तर लिहिणाऱ्या व्यक्तीकडून येथे हमखास चुका होतात.

मायक्रोपायथन: पायथन जाणणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने शिकण्याचा व शिकविण्याचा खर्च कमी होतो. मात्र मोठ्या प्रोग्राममधील घटक म्हणून बसविण्यापेक्षा संपूर्ण उपकरणाचे वातावरण म्हणून तिचा वापर अधिक होतो.

फोर्थ: अवघ्या काही किलोबाइटांत मावते. क्रिया शेवटी लिहिण्याची तिची पद्धत आणि चळतीवर अवलंबून असलेली विचारसरणी नवख्यांना कठीण वाटते.

जावास्क्रिप्ट कुटुंब: जेरीस्क्रिप्ट, एस्प्रुइनो इत्यादी. वेब क्षेत्रातून येणाऱ्यांना ती सोयीची आहेत. २५ डिसेंबर २०२१ रोजी प्रक्षेपित झालेल्या जेम्स वेब अवकाश दुर्बिणीतही निरीक्षणांचा क्रम चालविण्यासाठी जावास्क्रिप्टच्या एका रूपातील स्क्रिप्ट वापरल्या जातात. त्यामुळे मूळ उड्डाण सॉफ्टवेअरला हात न लावता कार्यक्रम बदलता येतो.

बेरी: ईएसपी३२ चिपवरील टास्मोटा या गृहस्वयंचलन फर्मवेअरमध्ये ती समाविष्ट आहे.

उपयोजन: गोदाकाठचा कृषिपंप

दोन स्तरांची विभागणी कशी केली जाते, हे मराठवाड्यातील कृषिपंपाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील शहागड हे गाव गोदावरीच्या डाव्या तीरावर, सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. नदीच्या वरच्या अंगाला पैठण येथे जायकवाडी धरण आहे. अशा गोदाकाठच्या गावांत विहिरीवरील आणि नदीवरील दोन्ही प्रकारचे पंप आढळतात.

महाराष्ट्रात कृषिपंपांना अनेक वर्षे चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा ८ तास आणि काही दिवस रात्री १० तास, असा वीजपुरवठा होत आला आहे. दिवसा वीज मिळावी यासाठी राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. रात्रीच्या पाळीत अंधारात, साप-विंचवांच्या भीतीत पंपापर्यंत जाण्याचा त्रास टाळण्यासाठी मोबाइलवरून चालणारे स्टार्टर वापरात आले. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेल्या ‘नॅनो गणेश’ या अशा उपकरणाला २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळाले.

वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा ‘ऑटो’ स्विच हा त्याहून स्वस्त उपाय आहे. परंतु एकाच रोहित्रावरील सर्व पंप एकाच क्षणी सुरू झाल्यास रोहित्रावर एकदम भार येतो. मोटार सुरू होताना तिचा प्रवाह नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट असतो. त्यामुळे रोहित्र जळण्याचा धोका वाढतो आणि ते बदलेपर्यंत त्यावरील सर्वांचे पीक पाण्यावाचून राहते. याच कारणास्तव ऑटो स्विच टाळण्याचे व कपॅसिटर बसविण्याचे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना करीत असते.

अशा पंपासाठी स्क्रिप्टयुक्त नियंत्रक रचायचा झाल्यास कामांची विभागणी पुढीलप्रमाणे होईल.

फर्मवेअरकडे राहणारी कामे: तिन्ही फेजचे दाब मोजणे, एखादी फेज गेल्यास मोटार तत्काळ बंद करणे, अतिभार ओळखणे, पाण्यावाचून चाललेली मोटार थांबविणे, दोन सुरुवातींमध्ये किमान अंतर राखणे आणि रिले प्रत्यक्ष हलविणे. तीन फेजची मोटार दोन फेजवर चालत राहिल्यास तिचे वाइंडिंग तापून जळते. म्हणून हे निर्णय स्क्रिप्टवर सोपविले जात नाहीत.

स्क्रिप्टकडे जाणारी कामे: पाळीचे वेळापत्रक, पिकानुसार पंप चालविण्याचा कालावधी, वीज आल्यानंतर थांबण्याचा अवधी, संदेशाचा मजकूर आणि तो पाठविण्याचे प्रसंग.

स्क्रिप्टमधील नियमाचे सर्वसाधारण रूप पुढे दिले आहे. हा नमुना कोणत्याही एका भाषेतील नसून केवळ आशय दाखविणारा आहे.

वीज आली की:
थांबा = १ ते १० मिनिटांपैकी यदृच्छया एक अवधी
थांबा संपल्यावर, जर पाळी_चालू आणि विहिरीची_पातळी पुरेशी, तर पंप सुरू करण्याची विनंती
विनंती नाकारली गेल्यास, कारण मालकास कळवा

या नमुन्यातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की यदृच्छ अवधीमुळे एका रोहित्रावरील पंप वेगवेगळ्या वेळी सुरू होतात. रोहित्रावर किती पंप आहेत यानुसार तो अवधी लहान-मोठा करता येतो. दुसरी अशी की स्क्रिप्ट पंप सुरू करीत नाही, ती केवळ विनंती करते. परवानगी देणे वा नाकारणे हे फर्मवेअरच्या हाती राहते. पंप बंद करण्याचा अधिकार मात्र स्क्रिप्टला विनाअट देता येतो, कारण चुकून बंद झालेल्या पंपामुळे पाण्याची एक पाळी हुकते, तर चुकून सुरू राहिलेल्या पंपामुळे मोटार जळू शकते.

वेळापत्रकाच्या नियमात आढळणारी एक नेहमीची चूकही येथे उद्बोधक ठरते. रात्री १० ते सकाळी ८ ही पाळी ‘तास २२ किंवा त्याहून अधिक आणि ८ हून कमी’ अशी लिहिली, तर ती अट कधीच पूर्ण होत नाही. कोणताही तास एकाच वेळी २२ हून मोठा आणि ८ हून लहान असू शकत नाही. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीत ‘आणि’ऐवजी ‘किंवा’ वापरावे लागते. फर्मवेअरमध्ये ही चूक राहिल्यास प्रत्येक उपकरणात नवी प्रतिमा भरावी लागेल. स्क्रिप्टमध्ये ती एका शब्दाच्या बदलाने दुरुस्त होते. मात्र सोपी दुरुस्ती म्हणजे चाचणीतून सुटका नव्हे. शेतातील उपकरणावर पाठविण्याआधी हाच नियम साध्या संगणकावर चोवीस तासांच्या प्रत्येक तासासाठी चालवून पाहता येतो. चाचणीची ही सुलभता स्क्रिप्टचा एक मोठा लाभ आहे.

वीज गेल्यावर घड्याळ चुकू नये यासाठी अशा नियंत्रकास स्वतंत्र बॅटरीवर चालणारे घड्याळ किंवा मोबाइल जाळ्याकडून मिळणारी वेळ आवश्यक असते. वेळच चुकीची असेल, तर निर्दोष स्क्रिप्टही चुकीचे निर्णय घेते.

लाभ

बदल करण्याचा खर्च कमी होतो. काहीशे बाइटांची स्क्रिप्ट मंद जोडणीवरूनही पाठविता येते.
एकच फर्मवेअर वेगवेगळ्या ग्राहकांसाठी वापरता येतो. फरक केवळ स्क्रिप्टमध्ये राहतो.
सी भाषा न जाणणारा क्षेत्रतज्ज्ञ, उदाहरणार्थ सिंचनाचा जाणकार, नियम वाचू व सुचवू शकतो.
जिवंत उपकरणावर एकेक आज्ञा टंकून संवेदक तपासता येतात. त्यामुळे जुळणीच्या काळातील श्रम वाचतात.
स्क्रिप्टमधील बहुतेक चुका संदेशाच्या रूपात पकडल्या जातात. सी भाषेतील चुकीच्या स्मृतिस्पर्शाप्रमाणे संपूर्ण प्रणाली कोलमडत नाही.

मर्यादा

स्मृती: इंटरप्रिटर स्वतः जागा व्यापतो आणि स्क्रिप्टमधील प्रत्येक मूल्यासोबत त्याच्या प्रकाराची नोंद ठेवावी लागते. ईएसपी८२६६वरील नोडएमसीयूमध्ये स्क्रिप्टसाठी सुमारे ४० किलोबाइट रॅम शिल्लक राहते. एटीमेगा३२८पीसारख्या चिपवर लुआ किंवा मायक्रोपायथन मावत नाही.

वेग: आभासी यंत्रावर चालणारी स्क्रिप्ट यंत्रभाषेतील प्रोग्रामपेक्षा अनेक पटींनी मंद असते. मिनिटाला एकदा घ्यावयाच्या निर्णयात हा फरक जाणवत नाही. मोटारीच्या प्रवाहाचे सेकंदाला हजारो नमुने घेण्याच्या कामात तो निर्णायक ठरतो.

वेळेची अनिश्चितता: वापर संपलेली स्मृती गोळा करण्याची प्रक्रिया, म्हणजेच गार्बेज कलेक्शन, केव्हा चालेल व किती वेळ घेईल हे काटेकोरपणे सांगता येत नाही. म्हणून ठरावीक क्षणी घडलीच पाहिजे अशी कृती स्क्रिप्टमध्ये ठेवीत नाहीत.

संख्या: लुआच्या ५.३ पूर्वीच्या आवृत्त्यांत सर्व संख्या सामान्यतः दशांश-प्रकारच्या होत्या. दशांश गणिताची सोय नसलेल्या चिपवर ते गणित मंद चालते. नोडएमसीयूने त्यामुळे केवळ पूर्णांकांची वेगळी आवृत्ती उपलब्ध केली होती. तिच्यात ५ भागिले २ याचे उत्तर २ येते. एका आवृत्तीवर तपासलेली स्क्रिप्ट दुसरीवर मुकाट्याने चुकीची उत्तरे देऊ शकते. ५.३पासून ३२ बिटांच्या संख्यांसह भाषा घडविण्याचा पर्याय उपलब्ध आहे.

प्रमाणीकरण: मानवी जीविताशी संबंधित उपकरणांच्या सुरक्षेसाठी आयईसी ६१५०८ यांसारखी मानके पाळावी लागतात. चालू असताना बदलू शकणाऱ्या स्क्रिप्टबाबत अशी हमी देणे कठीण असते. त्यामुळे सुरक्षेची कार्ये तिच्यापासून अलग ठेवली जातात.

सुरक्षितता

बदलण्यास सोपी असलेली स्क्रिप्ट परक्या व्यक्तीसही बदलण्यास सोपी असते. त्यामुळे पुढील दक्षता घेतल्या जातात.

स्क्रिप्टला संचिका उघडणे, प्रणालीच्या आज्ञा चालविणे यांसारखी अनावश्यक फलने दिली जात नाहीत.

बाहेरून आलेली स्क्रिप्ट मजकुराच्या रूपातच स्वीकारली जाते. मुद्दाम बिघडविलेल्या बाइटकोडने इंटरप्रिटर कोलमडू शकतो. लुआच्या ५.२ आवृत्तीपासून बाइटकोडची पडताळणी करणारा घटक काढून टाकण्यात आला आहे.

स्मृतीवर आणि एका फेरीत पार पाडावयाच्या सूचनांच्या संख्येवर मर्यादा घातली जाते. लुआमध्ये स्मृतिवाटपाचे फलन मूळ प्रोग्रामच पुरवितो, तसेच ठरावीक सूचनांनंतर नियंत्रण परत घेण्याची सोयही आहे. ड्रोनसाठीच्या आर्डुपायलट या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लुआ स्क्रिप्टसाठी अशा दोन्ही मर्यादा ठरविता येतात. तेथे स्क्रिप्ट कमी प्राधान्याच्या स्वतंत्र धाग्यात चालते, जेणेकरून तिच्यातील चुकीमुळे उड्डाण नियंत्रणात अडथळा येऊ नये.

पाठविणाऱ्याची ओळख अंकीय स्वाक्षरीने तपासली जाते. केवळ मोबाइल क्रमांकावर विसंबणे पुरेसे मानले जात नाही.

नवी स्क्रिप्ट लिहिली जात असताना वीज गेल्यास अर्धवट मजकूर उरू नये म्हणून जुनी व नवी अशा दोन प्रती ठेवल्या जातात. नवी प्रत पूर्ण व शुद्ध असल्याची खात्री पटल्यावरच ती लागू होते. ती वारंवार अपयशी ठरल्यास उपकरण जुन्या प्रतीकडे परतते. दोन्ही प्रती निकामी असल्यास केवळ फर्मवेअरच्या बळावर पंप हाताने चालविता आला पाहिजे.

देवनागरी मजकूर

या भाषांतील आरक्षित शब्द इंग्रजी असले तरी संदेशांचा मजकूर मराठीत ठेवता येतो. मात्र लांबी मोजताना काळजी घ्यावी लागते. ‘पंप’ हा शब्द वाचकाला दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये प, अनुस्वार आणि प असे त्याचे तीन घटक होतात आणि यूटीएफ-८ पद्धतीत तो ९ बाइट व्यापतो. लुआमध्ये लांबी मोजण्याची मूळ क्रिया बाइट मोजते, म्हणून तिचे उत्तर ९ येते. ५.३ आवृत्तीत आलेले यूटीएफ-८ ग्रंथालय ३ हे उत्तर देते. मायक्रोपायथनचे उत्तरही ३ असते. मजकूर बाइटांच्या हिशेबाने तोडल्यास अक्षर मधोमध तुटते आणि पडद्यावर निरर्थक खुणा उमटतात.

लघुसंदेशाच्या बाबतीतही हा फरक महत्त्वाचा आहे. रोमन लिपीतील एका लघुसंदेशात १६० वर्ण मावतात. देवनागरी लघुसंदेशात सामान्यतः ७० वर्ण मावतात आणि मात्रा व अनुस्वार स्वतंत्रपणे मोजले जातात. त्यामुळे ‘फेज गेली, मोटार बंद’ यांसारखे आटोपशीर शब्द निवडणे हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही. संदेशाचे शब्द स्क्रिप्टमध्ये असल्यास ते गावातील बोलीनुसार बदलणे शक्य होते.

पर्याय

नियमांत फारसा बदल अपेक्षित नसल्यास स्क्रिप्ट भाषेची आवश्यकता नसते. वेळा व मर्यादा यांचे साधे कोष्टक फर्मवेअरबाहेर ठेवणे पुष्कळदा पुरेसे असते. कोष्टकात जेव्हा ‘जर-तर’च्या अटी शिरू लागतात आणि त्यांचा अर्थ लावण्यासाठी नकळत एक नवी, अपुरी भाषा तयार होऊ लागते, तेव्हा तयार स्क्रिप्ट भाषेचा विचार केला जातो.

कारखान्यांत हीच गरज पीएलसी हे नियंत्रक भागवितात. त्यांच्या प्रोग्रामिंगच्या पद्धती आयईसी ६११३१-३ या मानकात दिल्या आहेत. त्यांपैकी शिडीच्या आकाराची लॅडर आकृती विद्युत तंत्रज्ञांना परिचित असते. फर्मवेअरची संपूर्ण प्रतिमा दूरस्थ पद्धतीने बदलणे हाही पर्याय आहे. स्क्रिप्ट वापरली तरी फर्मवेअरमधील दोष दुरुस्त करण्यासाठी ही सोय ठेवावी लागते.

शिक्षण

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत एम्बेडेड प्रणालींची ओळख दीर्घकाळ ८०५१ मायक्रोकंट्रोलर आणि असेंब्ली व सी या भाषांद्वारे करून दिली जात आली आहे. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र या उपक्रमाने यंत्रमानव व एम्बेडेड प्रणालींचे शिक्षण स्पर्धांच्या माध्यमातून महाविद्यालयांपर्यंत नेले. त्यातील काही स्पर्धा-विषयांत वापरल्या गेलेल्या कॉपेलियासिम या अनुरूपण सॉफ्टवेअरमध्ये लुआ ही स्क्रिप्ट भाषा अंतर्भूत आहे. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने पायथनचे पाठ मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध केले आहेत. पायथन शिकलेल्या विद्यार्थ्यास मायक्रोपायथनद्वारे प्रत्यक्ष उपकरणापर्यंत पोहोचणे सुकर होते. तथापि रिले, फेज आणि अतिभार यांचे ज्ञान भाषेच्या सोपेपणाने भरून निघत नाही. स्क्रिप्टमुळे नियम लिहिण्याचे काम शेतकऱ्याच्या किंवा तंत्रज्ञाच्या आवाक्यात येते, पण त्या नियमांना कोठे अडवायचे हे फर्मवेअर रचणाऱ्यालाच आधी ठरवावे लागते.

हे सुद्धा पहा

लुआ
मायक्रोपायथन
मायक्रोकंट्रोलर
फर्मवेअर
कृषिपंप
शहागड